आडाचं पाणी आणि भूकंपाच्या तारखा

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पुण्यात अमुक तारखेला भूकंप' असा निरोप फिरला. शेजारच्या आजी दोन रात्री चपला उशाशी घेऊन झोपल्या. तारीख आणि ठिकाण सांगून भूकंप वर्तवणं आज जगात कुणालाही जमत नाही, हे मी दारोदार जाऊन सांगितलं. पण जमीन आधी काहीच खुणा देत नाही, असं मी म्हणणार नाही.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमच्या माजघराची भिंत पडली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. "चार दिस आधी आडाचं पाणी गढूळलं हुतं," असं माझी आजी सांगायची. मोठेपणी मी विचारलं, एरवी कधी गढूळ व्हायचं नाही का? म्हणाली, "झालं बी आसंल. कोण ध्यान ठेवतंय?"

सगळं इथंच अडतं: खुणा असतात, पण नोंद नसते. खडकावर ताण वाढला की बारीक भेगा पडतात. विहिरीची पातळी हलू शकते, खडकातून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू पाण्यात वाढू शकतो. चीनमध्ये हायचेंगला फेब्रुवारी १९७५ मध्ये लहान धक्के वाढले, लोकांना घराबाहेर काढलं आणि हजारो जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला कसलीच सूचना मिळाली नाही; दोन लाखांहून जास्त माणसं गेली. किल्लारीला १९९२ मध्ये धक्के बसले होते, ३० सप्टेंबर १९९३ ला घात झाला. कोयनेला मात्र धक्के नित्याचेच, आणि बहुतेकांमागून मोठा भूकंप येत नाही.

सोसायटीच्या जुन्या विहिरीत फुटाफुटावर गाठ मारलेला दोर सोडून मी रोज सकाळी पातळी वहीत लिहिते. एका मे महिन्यात पाणी रातोरात अडीच फूट उतरलं. छातीत धस्स झालं. चौकशी केली तर पलीकडच्या बांधकामावर नवा पंप बसला होता. वही नसती, पंपाचं कळलं नसतं, तर मीही आजीसारखंच सांगत बसले असते.

कोयना परिसरात शास्त्रज्ञ बोअरवेलमधली पातळी मोजतात. भूकंपाच्या अभ्यासासाठी कऱ्हाडच्या सरकारी प्रयोगशाळेने तिथल्याच गोठणे गावी सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. पावसाळ्यात खडकवासला-पानशेतचा साठा आपण रोज छापता. तसे कोयनेचे आठवड्याचे धक्के आणि बोअरवेलची पातळी त्यांच्याकडून मागवून मराठीत छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, धायरी, पुणे