एअर इंडिया बिल्डिंगचा तळमजला लोकांना द्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग १६०१ कोटींना घ्यायला राज्य सरकारने २०२३ ला मंजुरी दिली तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. माझी सगळी नोकरी तिच्या आसपासच गेली, रोज चर्चगेटला उतरून चालत जायचो, १९७४ ची ती २३ मजली बिल्डिंग आणि डोक्यावरचं धनुर्धारीचं चिन्ह दिसलं की ऑफिस आलं. १२ मार्च १९९३ ला दुपारी तिथे बॉम्ब फुटला तेव्हा आम्ही सगळे जिन्याने खाली धावलो होतो, रस्त्यावर काचांचा नुसता खच, तो दिवस विसरणं शक्यच नाही. त्यामुळे ही वास्तू सरकारकडे राहतेय याचा मला मनापासून आनंद आहे. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली किती खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागेत गेली, ती एकत्र आली तर चांगलंच.

पण खालचा मजला साहेबांच्या केबिनना देऊ नका एवढंच सांगायचंय. गेल्या वर्षी बीडहून माझे मेहुणे आणि वहिनी तलावात गेलेल्या जमिनीच्या मावेजासाठी एका सरकारी ऑफिसात आले होते, रात्रभर एसटीत बसून सकाळी ८ ला हजर, आणि आत सोडणार दुपारी. तोपर्यंत जायचं कुठे हो? मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर उन्हात फाइलची पिशवी मांडीवर घेऊन बसले, भाकरी तिथेच खाल्ली. आत गेल्यावर कळलं की हे टेबलच इथलं नाही, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जा.

म्हणून तळमजल्यावर बसायला बाकं, पंखे, प्यायचं पाणी, सामान ठेवायची सोय आणि मराठीत नीट समजावून सांगणारी दोन माणसं, कुठलं खातं कितव्या मजल्यावर, फाइल कुठे अडकलीय हे खालीच कळलं तर अर्ध्या लोकांना लिफ्टसुद्धा लागणार नाही. आवक-जावक पण खालीच घ्या, अर्ज दिला की शिक्का मारून पोच हातात.

आणि बायकांसाठी टॉयलेट, ते आत्ताच नकाशात धरा, नंतर जागा नाही म्हणतात. वहिनी त्या दिवशी संध्याकाळी बोरिवलीला आमच्या घरी येईपर्यंत घोटभर पाणी प्यायल्या नव्हत्या.

– एक निवृत्त कारकून, बोरिवली