नळाच्या पाण्याचं व्याज

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

हवामान बदलासाठीचा जगाचा पैसा आमच्यासारख्या शहरापर्यंत कसा यावा, याबद्दल हे पत्र. मराठीत लिहितोय. इंदूरला पिढ्या गेल्या तरी मनातलं मराठीतच येतं, आणि आपल्या कार्यालयात वाचून सांगणारं कुणीतरी भेटेलच.

मी लोकमान्य नगरातला एक पेन्शनर. 2023 च्या फेब्रुवारीत आमच्या नगर निगमने हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे घेतले, तेव्हा दहा हजार रुपये गुंतवले. कमीत कमी तेवढेच गुंतवावे लागत होते आणि जास्तीची ऐपत नव्हती. घरात यावरून थोडी वादावादी झाली. सौभाग्यवतींच्या लेखी निगम म्हणजे पाणीपट्टी आणि कचऱ्याची गाडी. तिथे उलट आपणच पैसे द्यायचे हे तिला पटेना. व्याज सव्वाआठ टक्के आहे म्हटल्यावर विषय मिटला. पहिल्या सहामाहीला चारशे बारा रुपये जमा झाले. त्या दिवशी त्यातल्याच काही रुपयांचे पोहे-जिलबी आणले, हेही सांगून टाकतो.

हे पैसे गेले जलूदला, साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. जलूद म्हणजे काय, ते इंदूरकराला सांगावं लागत नाही. आमच्या गावात कान्ह आणि सरस्वती अशा दोन नद्या आहेत, पण त्यांचं पाणी कुणी तोंडात घेणार नाही. 1970 मध्ये शहराने आंदोलन करून नर्मदा मागितली, ती 1978 मध्ये घरात आली. खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून. उतारावरून वाहत आलेलं हे पाणी नव्हे. रात्रंदिवस पंपांनी वर ढकललेलं आहे. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. आधी पाईपातून हवा फुसफुसते, मग पिवळसर गुळणी, आणि मग धार हौदात पडायला लागते. त्या धारेत पाण्याइतकीच वीज आहे. निगमचं विजेचं बिल पाण्यापायी फुगतं, म्हणून सूर्यावर पंप चालवायची ही खटपट. ऊर्जा सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे लगेच तेलाची जहाजं आणि आखाती देश डोळ्यांसमोर येतात. आम्हाला ती हौदाच्या काठावर भेटते.

रोखे 244 कोटींचे होते, अर्ज सातशे कोटींच्या वर आले. गाझियाबादने 2021 मध्येच हरित रोखे काढले होते. पण सामान्य माणसासाठी खुली विक्री करणारं इंदूर पहिलं. याचा मला अभिमान आहे. तरीपण हिशेब करायची सवय जात नाही. 244 कोटींवर सव्वाआठ टक्के म्हणजे वर्षाला वीस कोटींहून जास्त व्याज. तो पैसा नागरिकांच्या कराचा. मी रोखेधारक म्हणून व्याज घेतो आणि करदाता म्हणून तेच भरतो.

आता आपल्या बाजूचं बोलतो. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना शब्द दिला होता, हवामान बदलाशी लढायला 2020 पासून वर्षाला शंभर अब्ज डॉलर देऊ. तो 2022 मध्ये, दोन वर्षं उशिरा पुरा झाला, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा होता. 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवा आकडा ठरला: 2035 पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज. विकसनशील देश तेराशे अब्ज मागत होते. भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच उभं राहून आक्षेप घेतला. बरोबरच केलं. पोटभर जेवणाचं आमंत्रण देऊन हातावर साखर ठेवली तर कुणीतरी बोलायला हवंच.

पण बाकूला भांडून आणलेला पैसा इंदूरच्या नळापर्यंत कुठल्या वाटेने येणार, याचं उत्तर बाकूत नाही. ते आपल्या मंत्रालयात आहे. विकसनशील देशांच्या हवामान प्रकल्पांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीचं मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचिऑनला. तिथे नगर निगम थेट अर्ज करू शकत नाही. नाबार्ड, सिडबी यांच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावं लागतं आणि वर देशाचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र देणारं प्राधिकरण म्हणजे आपलंच मंत्रालय. दाराची किल्ली आपल्या खिशात आहे. मग शहरांसाठी त्या दारात एक खिडकी का नसावी? प्रस्ताव कसा लिहायचा, कुठल्या संस्थेकडे न्यायचा, किती दिवसांत हो किंवा नाही कळेल, एवढं सांगणारी. मध्यम शहराच्या निगमात या कामाचा जाणकार अभियंता एखादाच असतो, आणि त्याची अर्धी वर्षं दुसऱ्या फायलींत जातात.

मला फुकटचं अनुदान नको आहे. डॉलरचं स्वस्त कर्जही मी मागणार नाही, कारण रुपया घसरला की ते महाग पडतं आणि घसरणीचा भार शहरावर येतो. मागायची असेल तर हमी मागावी. आंतरराष्ट्रीय निधीने रोख्यांमागे उभं राहून पहिला तोटा सोसायची तयारी दाखवली, तर गुंतवणूकदार कमी व्याजात तयार होतो. 244 कोटींवर व्याज एका टक्क्याने जरी उतरलं, तरी वर्षाला सुमारे अडीच कोटी वाचतात. माझे शंभर रुपये कमी होतील. चालेल.

दुसरी गोष्ट कार्बनची. पॅरिस हवामान कराराच्या सहाव्या कलमाखाली एका देशाला आपली कार्बन उत्सर्जनातली कपात दुसऱ्या देशाला विकता येते. ज्या कामांतली कपात अशी विकता येईल, त्यांची यादी सरकारने 2023 मध्ये काढली. साधी सौर वीज तीत नाही. साठवणीची जोड असेल तर तेवढ्याच भागापुरती आहे. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. सोपी, स्वस्त कपात दुसऱ्याला विकून टाकली, तर उत्सर्जन कमी करण्याचा देशाचा स्वतःचा शब्द पाळायला महागाची तेवढी उरते. पण कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे कचऱ्यापासून केलेला दाबाखालचा गॅस, यादीत आहे, आणि इथे इंदूरला बोलायचा हक्क आहे. देवगुराडियाला 2022 पासून रोजच्या साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प आहे. त्या गाडीत माझ्या घरातली भाजीची देठं जातात, ओला-सुका वेगळा करून. असा पुढचा प्रकल्प उभा राहिला आणि 2025 मध्ये जपानशी झालेल्या करारासारख्या वाटेने त्याची कपात विकली गेली, तर ती भारताच्या खात्यातून वजा होणार. मग मोबदल्यात शहराचा वाटा किती, हे आधी लिहून ठेवायला नको का? कंपनी आणि दोन सरकारं यांच्यात सगळं ठरलं, तर कचरा वेगळा करणारी बाई त्या करारात कुठेच दिसणार नाही.

हवामान परिषदेच्या आपल्या पुढच्या शिष्टमंडळात एखाद्या नगर निगमचा पाणीपुरवठा अभियंता न्या, ही शेवटची विनंती. भाषण त्याला जमणार नाही कदाचित, पण पंपाचं बिल तोंडपाठ असेल.

खिडकीबद्दल आपण काय ठरवता, ते दोन ओळींत कळवावं. हिंदीत चालेल.

कळावे,
आपला,
जलूदच्या दहा रोख्यांचा धारक, इंदूर