बाहेरच्या भिंतींचं क्लॅडिंग (भिंतीवर बसवायचं आवरण): मागणी नोंदवण्याआधी

सर्व सभासदांनी माल ठरवण्यापूर्वी पुढील बाबी पाहून घ्याव्यात. फायबर सिमेंटची फळी टिकते, पण कापलेली प्रत्येक कड लगेच प्रायमरने बंद करा; उघडी कड पाणी शोषते आणि रंग तिथूनच सुटतो. कापताना सिलिकाची धूळ उडते, तिला रुमाल पुरत नाही, मास्क लावा. विनाइल (प्लास्टिकच्या पट्ट्यांचं क्लॅडिंग) उन्हात लांबतं. म्हणून खिळा पट्टीतल्या खाचेच्या मधोमध, डोकं सुमारे १ मिमी सैल, टोकांना ६ मिमी फट. घट्ट ठोकलं की फुगवटे आलेच. खिडकी-दाराभोवतीच्या लाकडी पट्ट्यांना बसवण्याआधी सहाही बाजूंनी प्रायमर (मागची बाजू हमखास राहते). खिडकीवर पत्र्याचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) हवंच, नुसत्या सीलंटवर (फट बुजवणाऱ्या लेपावर) भिस्त नको. क्लॅडिंगची खालची कड जमिनीपासून १५० मिमी वर ठेवा. माल १० टक्के जादा धरा.