प्रायोगिक अणुभट्टीच्या कवचात काटकसर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासाच्या मोहिमेसाठी २०,००० कोटी रुपयांची घोषणा केली आणि स्वदेशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या २०३३पर्यंत कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून इंधन, खर्च आणि खासगी गुंतवणूक यांवर पुष्कळ लिहून आले. भट्टीभोवतीच्या संरक्षक कवचाविषयी, म्हणजे कंटेनमेंटविषयी, मात्र क्वचितच काही वाचनात येते. नव्या भट्ट्या मुळातच सुरक्षित आहेत, त्यामुळे कवच हलके केले तरी चालेल आणि भोवतालचा निर्मनुष्य पट्टाही आखडता येईल, असा युक्तिवाद जगभर होत आहे. ही सवलत मागायचीच असेल तर ती अनेक वर्षे चालून सिद्ध झालेल्या भट्टीने मागावी, आपल्या जातीच्या पहिल्याच भट्टीने मागू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

कवचाची कल्पना मुळात प्रायोगिक भट्टीसाठीच पुढे आली. अमेरिकेत १९५०मध्ये एक ढोबळ सूत्र वापरले जाई: भट्टीची औष्णिक शक्ती किलोवॉटमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे, त्याला शंभराने भागायचे, आणि येईल तितक्या मैलांच्या त्रिज्येत वस्ती ठेवायची नाही. या हिशेबाने शंभर मेगावॉटच्या भट्टीला तीन मैलांहून अधिक मोकळी जागा लागते. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट मिल्टन येथे पाणबुडीसाठीच्या सोडियम-शीतित (वितळलेल्या सोडियमने थंड होणाऱ्या) भट्टीचा नमुना उभारायचा होता, तेव्हा जमिनीची ही मागणी परवडेना, म्हणून २२५ फूट व्यासाचा पोलादी गोल बांधून भट्टी त्याच्या पोटात ठेवण्यात आली. थोडक्यात, वस्तीजवळ राहण्याची मुभा कवचाच्या बदल्यात मिळालेली आहे. तुर्भ्याची ४० मेगावॉटची सायरस भट्टी कॅनडातील एनआरएक्स या संशोधन भट्टीच्या धर्तीवर बांधली गेली आणि १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. वरील सूत्र तिला लावले तर दोन मैलांचा पट्टा लागतो. मुंबईच्या कुशीत ती पन्नास वर्षे पोलादी घुमटाखाली चालली. आता कवच आणि अंतर या दोन्हींत एकाच वेळी कपात मागितली जात असेल, तर तिच्या बदल्यात काय मिळणार हे विचारले पाहिजे.

या संदर्भात स्वित्झर्लंडमधील लुसेन्सचा दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. जड पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारी ही जेमतेम ३० मेगावॉट औष्णिक क्षमतेची प्रायोगिक भट्टी डोंगरात कोरलेल्या गुहेत बसवली होती. भट्टी बंद असताना वायू फिरवणाऱ्या यंत्राच्या सीलमधून पाणी आत शिरले, इंधनावरचे मॅग्नेशियम मिश्रधातूचे आवरण गंजले आणि त्या गंजाने शीतक वायूची वाट अडवली. २१ जानेवारी १९६९ रोजी भट्टी पुन्हा चालवताना एका इंधन-घटकाचे आवरण वितळले, युरेनियम पेटले, दाबनळी फुटली आणि किरणोत्सारी वायूसह जड पाणी गुहेत पसरले. भट्टी कायमची गेली, परंतु एकाही कर्मचाऱ्याला इजा झाली नाही आणि आसपासच्या गावांना झळ पोहोचली नाही. एका सीलमधल्या गळतीपासून वितळलेल्या इंधनापर्यंतची ही साखळी आराखड्याच्या वेळी कोणी मांडली असती, तर तिला ‘असंभाव्य’ हा शेरा सहज मिळाला असता, असे मला वाटते. गुहेला मात्र कारणाशी देणेघेणे नव्हते, आणि चांगल्या कवचाची खरी किंमत याच निर्विकारपणात आहे.

‘भट्टी लहान आहे’ हा दिलासाही अपुरा आहे. अमेरिकेतील आयडाहोच्या वाळवंटातील एसएल-१ ही लष्करी भट्टी फक्त तीन मेगावॉटची होती. ३ जानेवारी १९६१ रोजी अणुविक्रिया आवरून धरणारा मधला नियंत्रक दांडा हाताने गरजेपेक्षा जास्त वर ओढला गेला आणि काही मिलिसेकंदांत तिची शक्ती सुमारे २०,००० मेगावॉटपर्यंत उसळली. जागेवरचे तिघेही मृत्युमुखी पडले. तिची इमारत म्हणजे पातळ पोलादी पिंप होते, दाब पेलणारे कवच नव्हते. जवळपास वस्ती नव्हती म्हणून निभावले.

हलक्या कवचाच्या समर्थकांची बाजू पोकळ आहे असे मी म्हणत नाही. उच्च तापमानाच्या वायुशीतित भट्ट्यांमध्ये इंधनाचा प्रत्येक बारीक कण सिरॅमिकच्या थरांत बंदिस्त असतो, आणि हे थरच कवचाचे काम करतात असा त्यांचा दावा आहे. अशा भट्टीत दाबाखालचे पाणी एकदम वाफ होऊन उसळण्याचा धोकाही नसतो. पण कणांचे थर टिकतात हे भट्टी चालवूनच सिद्ध व्हायचे असेल, तर तोवर त्याच थरांना एकमेव आधार मानणे म्हणजे परीक्षार्थ्यालाच परीक्षक नेमणे होय. पाण्यावर चालणाऱ्या छोट्या भट्ट्यांची अडचण वेगळी आहे: कवच आटोपशीर केले की आतली मोकळी जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो. फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्यांची कवचे अशीच आकाराने लहान होती. दाब वाढला, हायड्रोजन वरच्या मजल्यांवर झिरपला आणि मार्च २०११मध्ये स्फोट झाले.

कवच कागदावर भक्कम असून भागत नाही. भिंतीतून शेकडो केबल आणि नळ्या आरपार जातात, माणसांसाठी दुहेरी दारांचे एअरलॉक असतात, आणि गळती बहुधा तिथेच सापडते. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, तसाच दाराच्या रबरी गास्केटचा प्रकार असतो. म्हणून इमारतीत कॉम्प्रेसरने हवा भरून, ठरलेल्या दाबावर ती तासन् तास धरून, तापमान आणि आर्द्रतेची नोंद घेत दिवसाला किती टक्के हवा निसटते हे मोजतात. बांधकामाचीही परीक्षा घ्यावी लागते. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कैगा येथे १३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचा खालचा थर बांधकाम चालू असतानाच सुटून कोसळला. काँक्रीट आवळून धरण्यासाठी त्यात घातलेल्या पोलादी केबल ताणल्यावर काँक्रीटमध्ये जाडीच्या दिशेने येणारा ताण पेलण्यासाठी त्या दिशेला पोलाद नव्हते. घुमटाचा आराखडा बदलून तो पुन्हा बांधावा लागला. सुदैवाने तेव्हा भट्टीत इंधन नव्हते.

म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाकडे दोन मागण्या आहेत. पहिल्या छोट्या भट्टीचे कवच कोणत्या दाबासाठी आणि कोणते अपघात गृहीत धरून आखले आहे, हे बांधकामाच्या परवानगीपूर्वी जाहीर करावे. आणि गळतीच्या चाचणीचे आकडे, पहिल्या प्रयत्नात नापास झालेल्या चाचण्यांसकट, इंधन भरण्यापूर्वी प्रसिद्ध करावेत. निर्मनुष्य पट्टा कमी करण्याचा अर्ज त्यानंतरच विचारात घ्यावा.

आपला,
एक निवृत्त यांत्रिकी अभियंता, चेंबूर