आधी निषेध कोणाचा?

संपादक महोदय,

म्यानमारच्या निर्वासितांसाठी आम्ही काही कार्यकर्त्यांनी कोल्हापुरात बोलावलेली बैठक गेल्या रविवारी ठरावाविनाच उठली. ‘कार्यकर्त्यांत फूट’ अशी चार ओळींची बातमी आपल्या अंकात आली. ती खोटी नाही. पण भांडण कशावरून झाले ते तिच्यात नव्हते. म्हणून हे पत्र.

(सुरुवातच चुकीची झाली होती. चिन म्हणजे म्यानमारच्या डोंगराळ भागातला एक समाज; सूचनेत ‘चिन निर्वासित’चे ‘चीन निर्वासित’ छापले गेले आणि दोन गृहस्थ तिबेटविषयी ऐकायला आले. बिचारे शेवटपर्यंत बसले.)

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक सरहद्दीवरची तियाऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागले. केंद्राने लोंढा अडवायला सांगितले. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून या लोकांना आसरा देण्याची बाजू मांडली. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावकऱ्यांनी तीस हजारांहून अधिक माणसे सांभाळली. त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचा साधा ठराव होता.

तरुण मंडळींनी तो अडवला. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा म्यानमारचे बहुतेक लोकशाहीवादी कुठे होते? आँग सान सू ची तर डिसेंबर २०१९ मध्ये वंशसंहाराचा आरोप खोडून काढायला स्वतः हेगच्या न्यायालयात उभ्या राहिल्या. तेव्हा ठरावात आधी रोहिंग्या, मग बाकीचे. आम्ही जुने म्हणालो, तो शब्द घातला की सभेला हॉल मिळणार नाही आणि येणारे चारजणही येणार नाहीत. कोणी ब्रू आदिवासींची आठवण काढली: १९९७ मध्ये ते मिझोराममधूनच त्रिपुरात पळाले आणि २०२० च्या करारानंतर तिथेच वसले, मग मिझोंचे एवढे कौतुक कशाला? शेवटी कोयनेच्या धरणग्रस्तांचा विषय निघाला. तो आमच्याकडे निघतोच, आणि निघायलाही हवा. पण त्या दिवशी तो बैठक मोडायलाच काढला होता.

मी जुन्यांच्या बाजूने बोललो. घरी आल्यावर मात्र ते पटेना. हॉल मिळणार नाही म्हणून सात लाख माणसांचे नाव गाळायचे, ही धोरणीपणा म्हणून खपवलेली भीती होती. पण तरुणांचेही एक खटकते. चिन डोंगरातून पोर पाठीशी बांधून आलेल्या बाईने सू चींच्या भूमिकेचा जाब का द्यायचा? चिन हे तिथले बहुतांशी ख्रिस्ती अल्पसंख्य. लष्कराशी त्यांचे वैर २०२१ चे नव्हे. इथून आठ-दहा किलोमीटरवर वळिवडे आहे. १९४३ ते ४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या सरकारचे मागचे हिशेब आपल्या आजोबांनी त्यांच्याकडे मागितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आज त्याला आपण गांधीनगर म्हणतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी मागणी समोरच होती, ती कोणी मांडली नाही. मीही नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे काय होते? ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांना सोडण्यास नकार दिला आणि प्रक्रिया पाळून परत पाठवायला मोकळीक ठेवली. महिनाही उलटला नाही तोच ३ मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे संरक्षण मागण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले. दोघेही एकाच लष्कराच्या भीतीने पळालेले. आसरा मागणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारी ठरलेली पद्धत कायद्यात असेल, तर कोण कोणत्या खंडपीठापुढे उभा राहतो यावर सगळे अवलंबून राहणार नाही. ठरावात रोहिंग्या आणि चिन ही दोन्ही नावे घालून कायद्याची मागणी करावी, असे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. ‘आधी कोण’ हा वाद त्यानेही मिटेल असे नाही.

तोवर त्या दिवशी डब्यात जमलेले साडेसहा हजार रुपये खजिनदारांच्या कपाटात पडून आहेत. ते कोणाला पाठवायचे, यासाठीही ठराव लागतो.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर