मावशीचा पंप बंद करू नका

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे, हे आधीच लिहितो. कारण फोनवर ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागला नसणार. शरीरसौष्ठववाले घेतात ते हे औषध नव्हे. दम्याच्या पंपात असते त्या फ्लुटिकासोनने निरोगी माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथींचे, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथींचे, काम कितपत मंदावते, एवढेच मी नाव नोंदवलेल्या या औषधचाचणीत पाहत होते आणि माझे पंप ओढण्याचे दिवस संपलेही.

येथील एक प्रकार मात्र अखेरपर्यंत माझ्या अंगवळणी पडला नाही. २४ तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची, पहिल्या सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली न विसरता घ्यायची. एकदा जरी चुकले तरी सारा दिवस बाद, म्हणून तो कॅन पिशवीत घालून मी ग्रंथालयातही नेला. (हसू नका.) कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींतून निघणारे संप्रेरक, पहाटे चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते, त्यामुळे सकाळी ८ वाजता घेतलेल्या रक्ताच्या एका नळीवरून दिवसभराचा हिशेब लागत नाही.

बाबांनी विचारले होते, तर होय, माझे कॉर्टिसॉल उतरले. गिळले गेलेले फ्लुटिकासोन यकृतच निकामी करते, १ टक्काही पुढे जात नाही. पण फुप्फुसांत पोहोचलेले थेट रक्तात शिरते, मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला वाटते की माल भरपूर आहे आणि ती ॲड्रिनलला हुकूम धाडणे कमी करते. औषध थांबल्यावर काही दिवसांत माझे आकडे पूर्ववत झाले.

हे वाचून मावशीचा पंप मात्र कृपा करून कोणी बंद करू नका. माझ्या मोकळ्या फुप्फुसांतून जेवढे शोषले जाते तेवढे दम्याने आवळलेल्या नळ्यांतून जात नाही, तेव्हा माझे आकडे तिला लावू नयेत. शिवाय दीर्घकाळ मोठा डोस घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला, तर सुस्तावलेल्या ग्रंथी आजारपणात ऐनवेळी दगा देऊ शकतात. कमी करायचा तो तिच्या डॉक्टरांनी, हळूहळू.

मानधन ताईच्या लग्नासाठी बाबांच्या खात्यावर पाठवले आहे. नाव नोंदवले ते त्यासाठीच, आणि आधी विचारले नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. ताईला यातले काही सांगू नका. माझे तिकीट अजून काढलेले नाही. परीक्षा त्याच आठवड्यात आली आहे, हे तिला मीच सांगेन.

आपला,
बाळू