नकली ग्राफ श्पे जपली, खरी अकिलीज मोडून खाल्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही म्युझियम झालेल्या युद्धनौकांवर लेख छापलात, आवडला, पण त्यात यूएसएस सेलम या अमेरिकन हेवी क्रूझरने (म्हणजे मोठ्या तोफांच्या युद्धनौकेने) दुसऱ्या महायुद्धात पराक्रम गाजवला असं जे लिहिलंय ते साफ चूक आहे. तिची बांधणीच सुरू झाली 4 जुलै 1945 ला, म्हणजे युद्ध संपता संपता, आणि नौदलात दाखल झाली मे 1949 मध्ये. 1959 ला निवृत्त. या दहा वर्षांत तिने शत्रूवर एक गोळासुद्धा टाकलेला नाही.

एवढं ठासून सांगतोय कारण मुलगा बोस्टनकडे असतो आणि मागच्या खेपेला मी ती बोट अर्धा दिवस हिंडून पाहिली, सूनबाई कंटाळून गाडीत जाऊन बसली. क्विन्सी गावातल्या ज्या यार्डात ती बांधली तिथेच आता उभी आहे. यार्ड 1986 ला बंद पडलं, बोट 1994 ला फिलाडेल्फियाहून ओढत आणली, आपल्या गावची लेक म्हणून.

लढली नसली तरी बांधणी मात्र अशी की बघत राहावं. आधीच्या आठ इंची तोफांचं असं होतं की गोळा वेगळा, दारूच्या पिशव्या वेगळ्या, दर वेळी नळी ठराविक कोनात खाली आणायची, भरायची, परत वर न्यायची, यात मिनिटाला तीन-चार गोळे सुटले तरी खूप. 1942 साली पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळच्या रात्रीच्या लढायांत डिस्ट्रॉयर म्हणजे जपान्यांच्या छोट्या चपळ युद्धनौका टॉर्पेडो सोडून अंधारात पसार व्हायच्या आणि या तोफा भरतच बसायच्या. म्हणून सेलमच्या जातीच्या जहाजांत दारू पितळी काडतुसात घातली आणि भरणं सगळं मशिनवर, नळी कुठल्याही कोनात असू दे, मिनिटाला दहा गोळे! अशा नऊ तोफा, तीन टरेटमध्ये म्हणजे फिरत्या बुरुजांत, आणि चिलखत फोडणारा एकेक गोळा दीडशे किलोचा. टरेटच्या आत वाकून शिरलो तर माणसाला जागाच नाही, सगळ्या साखळ्या, रूळ, पाळणे, गिरणीत गेल्यासारखं वाटतं. माझे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, ते असते तर बाहेरच आले नसते. पण या तोफा तयार होईस्तोवर जमाना विमानवाहू जहाजांचा आणि मिसाइलचा आला. लग्न लागून गेल्यावर बँडवाले पोचले.

आता मूळ मुद्दा. सेलमची सगळ्यात गाजलेली 'लढाई' सिनेमातली आहे. 1956 च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट'मध्ये ती जर्मन युद्धनौका ग्राफ श्पे झाली होती. ग्राफ श्पेला टरेट दोन, हिला तीन, शिवाय पुढे अमेरिकन नंबर 139 तसाच, तरी चालवून घेतलं. आणि त्याच सिनेमात तिच्यासमोर होती आपली आयएनएस दिल्ली! ती कुणाचंही सोंग घेऊन आली नव्हती. 13 डिसेंबर 1939 ला ग्राफ श्पेशी खरोखर भिडलेली, तेव्हा न्यूझीलंडच्या ताफ्यात असलेली अकिलीज ती हीच, 1948 ला आपल्या नौदलात येऊन दिल्ली झाली. पुढे डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी दीवला तिनेच तोफा डागल्या.

म्हणजे जिने सोंग घेतलं तिच्यात आज तिकीट काढून फिरता येतं, आणि जी खरी लढली ती 30 जून 1978 ला मुंबईत निवृत्त झाली आणि भंगारात गेली. तिचा एक टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला नौदलाच्या तळापाशी मांडून ठेवलाय. आपल्याकडे काय, तर जुनी विमानवाहू विक्रांत म्युझियम होती तीसुद्धा 2012 ला बंद आणि 2014 ला तोडायला काढली. बोट सांभाळायला पैसा लागतो हे मान्य, सेलमसुद्धा 2013 ला धक्का धोकादायक झाला म्हणून लोकांना बंदच होती, ऑक्टोबरात भुताटकीचे खेळ लावून पैसे गोळा करतात बिचारे. पण करतात ना.

अख्खी बोट आता काही परत येणार नाही. माझी विनंती एवढीच, की दिल्लीवर नोकरी केलेले खलाशी, डॉकयार्डातले जुने कामगार आज सत्तरी-ऐंशीत असतील, त्यांना तुमच्या पेपरातून आवाहन करा, आठवणी आणि फोटो मागवा, दर रविवारी एक छापा. सुरुवातीला वडिलांचा एक फोटो सोबत जोडतोय, मागे बोट अर्धीच दिसते, पण ते एकच जाडजूड धुरांडं बघून जाणकार लगेच ओळखतील. फोटो नाही छापला तरी चालेल, छापलात तर खाली बोटीचं नाव तेवढं बरोबर टाका.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली